‘ततपप’चा इतिहास

आपल्या मराठीने एक गंमत करून ठेवली आहे. ज्याची जीभ लहानपणापासून अडते त्याला आपण तोतरा म्हणतो. पण एखादा चांगला बोलका माणूस साहेबासमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून धड शब्द फुटेना, की त्याची ‘ततपप’ झाली असे म्हणतो. म्हणजे एकीकडे जिभेचे वैगुण्य आणि दुसरीकडे समोरच्या डोळ्यांचे भय. या दोहोंत काही नाते आहे काय, हा प्रश्न मला वयाच्या नवव्या वर्षी पडला, आणि आज पंचाहत्तरी ओलांडल्यावरही त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

१९५९ च्या सुमारास मी आमच्या गावच्या शाळेत चौथीत होतो. सकाळी हजेरी होई. पटावर माझा नंबर सतरावा. गुरुजींनी पहिले नाव पुकारले की माझ्या पोटात गोळा येऊ लागे. चौदा झाला, पंधरा झाला, सोळाव्याने ‘हजर’ म्हटले, की माझे तोंड उघडे, मान ताठ होई, डोळे मिटत, आणि ‘ह’ काही पुढे सरकत नसे. वर्गात खसखस पिके. एकदा मी युक्ती केली. ‘हजर’ऐवजी ‘आहे, गुरुजी’ असे म्हणून टाकले आणि ते बिनधोक बाहेर पडले. पण गुरुजी शिस्तीचे. “आहे म्हणजे काय? सगळे म्हणतात तसे हजर म्हण!” मी उभा राहिलो तो उभाच. अखेर गुरुजींनी कंटाळून माझ्या नावापुढे फुली मारली. त्या दिवशी मी देहाने शाळेत होतो आणि पटावर गैरहजर होतो.

आता नवलाची गोष्ट पाहा. त्याच दिवशी तिन्हीसांजेला आम्ही भावंडे परवचा म्हणायला बसलो, तेव्हा पावकीपासून दिडकीपर्यंत सगळे पाढे मी सर्वांबरोबर खणखणीत म्हटले. गणपतीच्या आरतीत माझी जीभ कधी अडखळली नाही. गोठ्यात गाईशी मी तासन् तास बोलत असे. शाळेत न निघालेला तो ‘हजर’ तिला दहा वेळा म्हणून दाखवीत असे. जीभ तीच, शब्द तोच, मग फरक कशाचा? आमच्या आजीचे निदान असे, की जीभ जड आहे. तिने वेखंड उगाळून मधातून चाटवले, अक्कलकाढा जिभेवर चोळला. जिभेची आग आग झाली. ‘हजर’ मात्र जेथल्या तेथे राहिला.

पुढे मी ग्रंथपाल झालो. हा व्यवसाय का निवडला हे सांगायला नकोच. ‘शांतता राखा’ ही पाटी जेथे अधिकृतपणे भिंतीवर असते अशी दुसरी कचेरी मला ठाऊक नव्हती. तेथे फावल्या वेळात मी एक छंद लावून घेतला. अडखळत्या बोलाविषयी निरनिराळ्या काळच्या शहाण्या माणसांना काय वाटले, हे मी शोधू लागलो. त्या वाचनातून मला जे गवसले ते आज फराळाच्या ताटाबरोबर आपणापुढे ठेवतो. विषय सणासुदीचा नाही खरा. पण पाहुण्यांपुढे मुलांना ‘श्लोक म्हणून दाखव’ असा हुकूम सोडण्याचे दिवस हेच, म्हणून तो अगदीच अप्रस्तुतही नाही.

प्रथम बहुतेकांची नजर गेली ती तोंडाकडे, आणि ते स्वाभाविकच होते. आपल्या सुश्रुताने मुका, मिणमिण्या आणि गद्गद बोलणारा अशी तिघांची एकत्र गणना केली आणि दोष ठेवला तो शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या अडवणाऱ्या कफयुक्त वायूवर. ग्रीसमधील डेमॉस्थिनीस हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला थोर वक्ता. तो तोंडात खडे धरून भाषणाचा सराव करी, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. हे उपाय निदान निरुपद्रवी होते. १८४१ साली बर्लिनच्या डीफेनबाख नावाच्या नामांकित शस्त्रवैद्याने तर जिभेच्या मुळाशी पाचरीएवढा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. शस्त्रक्रियेत ईथरची गुंगी देणे सुरू व्हायला अजून पाच वर्षे अवकाश होता. युरोपात इतर वैद्यांनीही लगोलग हत्यारे परजली. पण रक्तस्रावाचे आणि अपयशाचे अनुभव येताच ती लाट तितक्याच लवकर ओसरली. हे वाचले तेव्हा आजीचा अक्कलकाढा मला अमृतासमान वाटला.

जिभेकडे न पाहता मनाकडे पाहणारा एक मनुष्य मला अठराव्या शतकात भेटला, आणि तो स्वतः तोतरा होता. त्याचे नाव इरॅस्मस डार्विन. उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन याचा हा आजोबा. इंग्लंडातील नाणावलेला वैद्य. तोतरेपणाची अडचण होत नाही काय, असे कोणी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला म्हणतात, की उलट त्यामुळे विचार करायला सवड मिळते आणि लोकांना नसते प्रश्न विचारणे टळते. अशा या विनोदी माणसाने १७९४ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ‘झूनोमिया’ या वैद्यकग्रंथात या विकाराचे केलेले निदान मात्र गंभीर आहे. त्याच्या मते बोलताना अवयवांच्या हालचालींची एक साखळी आपोआप चालू असते. मध्येच भीड, धाक, छाप पाडण्याची हौस किंवा फजितीची भीती शिरली की ती साखळी तुटते. आणि मग माणूस ती जोर लावून जुळवू पाहतो, तो ती अधिकच विस्कटते. जिना उतरताना पायांकडे पाहू लागले की पाऊल चुकते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. डार्विनने हेच जिभेच्या बाबतीत ओळखले होते.

त्याचा चार्ल्स नावाचा थोरला मुलगाही अडखळत बोले. नवी भाषा शिकला तर जुनी खोड सुटेल, या कल्पनेने बापाने त्या सुमारे आठ वर्षांच्या पोराला शिक्षकाबरोबर फ्रान्सला धाडले आणि इंग्रजी बोलायची त्याला बंदी केली. मुलगा परत आला तो इंग्रजीत पूर्वीसारखाच अडखळत. फ्रेंच बोलताना मात्र तो पुढेही कधी अडखळला नाही. हा मुलगा वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच १७७८ साली वारला. त्याची हकीकत वाचताना मला आमच्या गोठ्यातली गाय आठवली. मला वाटते, फ्रेंच भाषेत त्या मुलाला हसणारे कोणी नव्हते. हे माझे अनुमान. पुरावा माझ्यापाशी नाही.

आता ज्याचे डोके आमच्या वडिलांच्या पिढीने नाण्यांवर पाहिले, त्या राजाकडे वळू. सहावा जॉर्ज हा लहानपणापासून तोतरा. तो राजपुत्र असताना, ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी, वेम्ब्ली येथील साम्राज्य-प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण त्याच्याकडे आले. समोर अफाट जनसमुदाय, ध्वनिवर्धक लावलेले, नभोवाणी चालू. माझ्या वर्गात पंचेचाळीस मुले होती; त्याच्या हजेरीला अर्धे जग होते. भाषण कसेबसे पार पडले, पण ऐकणारे आणि बोलणारा दोघेही घामाघूम झाले. पुढच्याच वर्षी तो लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन गृहस्थाकडे जाऊ लागला. या लोगपाशी वैद्यकाची पदवी नव्हती. तो वक्तृत्वाचा शिक्षक. पहिल्या महायुद्धात हादरून वाचा गमावलेल्या सैनिकांवर त्याने मायदेशी काम केले होते. श्वासाचे व्यायाम, जीभ वळवणारी वाक्ये हे सारे त्याने करून घेतलेच. पण त्याखेरीज राजपुत्राला त्याने मित्रासारखे वागवले. मे १९२७ मध्ये कॅनबेरा येथे संसदभवनाच्या उद्घाटनाचे भाषण राजपुत्राने नीट केले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारल्याचे भाषण नभोवाणीवरून करताना तो राजा झालेला होता, आणि त्या खोलीत त्याच्याजवळ लोग उभा होता. राजाचा तोतरेपणा पुरता कधीच गेला नाही. ज्याच्यापुढे अडखळल्याची लाज वाटत नाही असा एक माणूस त्याला मिळाला होता, एवढेच. परंतु एवढ्यावर त्याने ते युद्ध निभावले.

येथपर्यंतची कथा ऐकून आपणास वाटेल, की गुपित सापडले: लक्ष हाच रोग आणि दुर्लक्ष हेच औषध. अमेरिकेतील एका बुद्धिमान प्राध्यापकालाही असेच वाटले. त्याची कथा मात्र सुखाची नाही.

वेंडेल जॉन्सन हा १९०६ साली जन्मलेला कान्सासच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, अत्यंत तोतरा. उपाय सापडेल या आशेने तो आयोवा विद्यापीठात आला. मेंदूच्या दोन बाजूंतील वर्चस्वाच्या झगड्यातून हा विकार होतो, असे तेथल्या पंडितांचे तेव्हा मत होते. डावा हात प्रबळ व्हावा म्हणून जॉन्सनचा उजवा हात प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्यात आला. त्यानेही ते आनंदाने सोसले, पण बोलणे सुधारले नाही. तेव्हा त्याने स्वतःच विचार केला, आणि तो असा: दोन-चार वर्षांची सगळीच मुले बोलताना थोडी अडखळतात. एखाद्या घरी आईबाप ते मनावर घेतात, पोराला ‘तोतरा’ हे नाव देतात, त्याला पदोपदी टोकतात; पोर आपल्या बोलण्यावर पहारा करू लागते, आणि त्या पहाऱ्यातून खरा तोतरेपणा जन्माला येतो. विकार मुलाच्या तोंडात सुरू होत नसून तो आईबापांच्या कानात सुरू होतो, असे तो म्हणे. अमेरिकेतील काही आदिवासींच्या भाषेत तोतरेपणाला शब्दच नाही आणि म्हणून त्यांच्यात तोतरे कोणी नाहीत, असेही त्याने १९४४ साली मोठ्या उत्साहाने लिहिले. पुढील संशोधकांना त्या लोकांत शब्दही सापडला आणि तोतरेही सापडले. पण ते फार पुढे.

१९३९ च्या जानेवारीत जॉन्सनने आपल्या मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी एक प्रयोग दिला. जागा निवडली आयोवातील डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रम. तेथली बावीस मुले घेतली. दहा तोतरी समजली जाणारी, बारा नीट बोलणारी. या बारांपैकी सहा मुलांना सांगायचे, की तुम्ही तोतरे होऊ लागला आहात. अडखळलात की तत्काळ थांबा, मनाचा निग्रह करा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. आश्रमातील शिक्षकांना आणि मातांनाही बजावले, की या मुलांवर लक्ष ठेवा, चुकले की थांबवा आणि पुन्हा म्हणायला लावा. हा उद्योग मे महिन्यापर्यंत चालला. आईबाप नसलेली ही मुले; त्यांच्या बाजूने ‘आमचे पोर चांगले बोलते’ असे ठणकावून सांगायला जगात कोणी नव्हते.

मुले बोलायची थांबली. जी पूर्वी बडबडत ती एका शब्दात उत्तरे देऊ लागली. कोणी वर्गात वाचायला नकार देई, कोणी बोलताना डोळ्यांवर हात घेई. मेरी ट्यूडरच्या जिवाला ते लागले असावे, कारण प्रबंध संपल्यावरही ती पुन्हा आश्रमात गेली आणि तुम्हांला काही झालेले नाही असे त्या मुलांना पटवू लागली. परंतु एकदा मनात बसलेला पहारेकरी असा सांगून उठत नाही. जॉन्सनने तो प्रयोग कधी प्रसिद्ध केला नाही. १९६५ साली तो वारला. प्रबंध ग्रंथालयाच्या फळीवर राहिला. ग्रंथपाल म्हणून सांगतो, फळीवर राहिलेले कागद फार काळ मुके राहत नाहीत. २००१ साली एका वृत्तपत्राने ही हकीकत सविस्तर छापली. विद्यापीठाने क्षमा मागितली. आणि २००७ साली आयोवा राज्याने हयात वृद्धांना व दिवंगतांच्या वारसांना मिळून नऊ लक्ष पंचवीस हजार डॉलर देऊ केले. आपण कोणत्या प्रयोगातले आहो हे त्या मुलांना कळायला साठ वर्षांवर काळ जावा लागला होता.

आणि प्रयोगातून सिद्ध काय झाले? २००२ साली दोन अभ्यासकांनी त्या प्रबंधातील आकडे पुन्हा तपासले. त्यांचे मत असे पडले, की सहांपैकी एकही मूल खऱ्या अर्थाने तोतरे झाले नव्हते! त्यांचा बोल बिघडला नव्हता. त्यांची बोलण्याची उमेद मारली गेली होती. जॉन्सनचा सिद्धान्त ढासळला. पण तोपर्यंत कित्येक आया ‘हे माझ्यामुळे झाले’ असे मनात म्हणत झुरल्या असतील, त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आज आपणास ठाऊक आहे, की या विकाराचे मूळ बव्हंशी शरीरातच, मेंदूच्या घडणीत आहे. तो घराण्यात उतरतो. २०१० साली त्याच्याशी निगडित अशी काही जनुकेही सापडली. शंभरांत सुमारे पाच मुले लहानपणी केव्हा तरी अडखळू लागतात; त्यांतील बहुतेकांचे आपोआप सुटते, आणि मोठेपणी शंभरांत एखाद्याच्या वाट्याला ते कायमचे राहते.

मग गाईपुढे निघणारा ‘हजर’ गुरुजींपुढे का अडे? येथे इरॅस्मस डार्विनचे बोलणे पुन्हा उपयोगी पडते. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील बर्नार्ड ली याला असे आढळले, की चांगल्या बोलणाऱ्या माणसाला त्याचाच आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा ऐकवला, तर तोही भर वाक्यात अडखळू लागतो. १९५६ साली लंडनच्या चेरी आणि सेयर्स या दोघांनी उलट बाजू दाखवली: तोतऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बरोबरीने वाचायला लावले, किंवा मोठा आवाज सोडून स्वतःचा आवाज ऐकू येईनासा केला, की त्याचे अडखळणे जवळजवळ नाहीसे होते. आमच्या परवच्याचे इंगित मला त्या दिवशी उमगले. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की आपले बोलणे कोणीही ऐकत नाही अशी खात्री असते तेव्हा तोतरी माणसे जवळजवळ मुळीच अडखळत नाहीत. आग शरीरात असते. तिला वारा घालतो तो ऐकणारा, आणि त्या ऐकणाऱ्याच्या कानाने स्वतःचे बोलणे तपासणारे आपले मन.

इतके सारे वाचून मी शहाणा झालो असेन अशी आपली समजूत होईल. माझीही होती.

आमचा नातू चार वर्षांचा झाला आणि अडखळू लागला. घराण्यात उतरते म्हटले ना, ते असे. माझ्या काळजाचे पाणी झाले. माझी हजेरी या पोराच्या वाट्याला येऊ द्यायची नाही असा मी निश्चय केला. जेवताना तो काही सांगू लागला, की मी सुरू करी: “थांब. हळू. श्वास घे बघू. हं, आता पुन्हा सांग.” एका जेवणात पाच-सहा वेळा तरी हे होई. मायेपोटीच करीत होतो. दोन महिन्यांनी ध्यानात आले, की स्वयंपाकघरात आजीजवळ चाललेली त्याची बडबड मी उंबऱ्यात आलो की थांबते.

त्या सुमारास मी डॅव्हनपोर्टच्या प्रयोगाविषयी पुन्हा एकदा वाचत होतो. मुलांना आणि मातांना काय काय सांगितले होते ते वाचता वाचता मी एका जागी थबकलो. थांबवा, पुन्हा म्हणायला लावा. ती वाक्ये माझ्या ओळखीची होती. जॉन्सनही तोतराच होता. आपण भोगले ते इतरांनी भोगू नये म्हणूनच त्याची सारी खटपट होती. मी पुस्तक मिटले आणि हिच्यापाशी जाऊन सगळे बोललो. ही कणिक तिंबत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता. तो काय सांगतोय ते ऐका की!”

साऱ्या ग्रंथालयात मला न सापडलेली गोष्ट परातीत सापडली. लक्ष द्यावे, मात्र ते बोलणाऱ्याच्या जिभेवर न ठेवता त्याच्या सांगण्यावर ठेवावे. दुर्लक्ष करून भागत नाही हेही खरे; सूनबाई त्याला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेते, आणि लवकर नेलेले चांगले असे त्या बाईही सांगतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा मोठ्यांना शिकवले, की आपण सावकाश बोलावे, मुलाचे वाक्य मुलालाच पुरे करू द्यावे आणि तोवर वाट पाहावी. वाट पाहणे हे वाटते तितके सोपे नाही. समोर शब्द अडला की माझीच जीभ वळवळते.

गेल्या दिवाळीत त्याने अंगणात किल्ला केला. माती, विटा, वर अळिवाची हिरवळ, बुरुजावर मावळे. पाहुणे आले. त्यांतल्या एका मावशींनी सवयीने म्हटले, “अरे, एखादा श्लोक म्हणून दाखव की!” पोराचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मी म्हणालो, “श्लोक राहू द्या. बाळ, हा पहारेकरी दिंडी सोडून इथे कड्यावर का उभा केलास? मला काही कळत नाही.” तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, कारण श- श- श-” आणि अडला. मी किल्ल्याकडे पाहत राहिलो. मावशी शब्द पुरवायला निघाल्या होत्या. हिने त्यांच्या हातावर करंजी ठेवली.

“शत्रू तिकडून येतो,” तो म्हणाला, “सगळ्यांना वाटतं दारातून येईल, पण तो तिकडून येतो.” आणि मग तो थांबेचना. तोफा, चोरवाट, पाण्याचे टाके. अधूनमधून अडला, पण बोलत राहिला. संध्याकाळी पणत्या लावताना मी त्याला विचारले, किल्ल्यावरच्या शिबंदीत माझी नेमणूक कोठे? त्याने एक वाकडा मावळा माझ्या हातात दिला आणि किल्लेदाराच्या ऐटीत हजेरी घेतली. मी म्हणालो, “ह- ह- हजर!”

त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. त्याने मावळा घेतला आणि कड्यावर उभा केला.